झुलेखाभाभींचा डबा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय दौलतराव, व्यासपीठावर, म्हणजे पंपाच्या खोलीसमोर लावलेल्या या दोन टेबलांमागं, विराजमान झालेले सत्कारमूर्ती श्रीयुत झिशान मुलाणी, त्यांच्या सुविद्य पत्नी सौ. हीना, त्यांची कन्या कुमारी सादिका, पहिल्या रांगेत बसलेल्या झिशानच्या मातोश्री झुलेखाभाभी, तळेगाव दाभाड्याहून मुद्दाम आलेले त्यांचे थोरले चिरंजीव रमीज, सोसायटीचे सर्व सभासद आणि भाडेकरू, खाली खुर्च्या रिकाम्या असूनही गॅलरीतूनच ऐकणारी मंडळी, अशा तमाम बंधू-भगिनींनो, सेक्रेटरी या नात्यानं मी, ज्योतीराम, आपणा सर्वांना नमस्कार करतो.

सुरुवातीलाच एक सूचना. टेबलावर पुष्पगुच्छाशेजारी एक स्टीलचा डबा ठेवलेला दिसत असेल. ती सत्काराची भेटवस्तू नाही. तो डबा रिकामा आहे आणि त्याला कुणी हात लावू नये. त्याचा विषय पुढं येणार आहे.

मुंबई विमानतळाची गाडी गेटवर येऊन थांबली आहे. ड्रायव्हरला चहा दिलेला आहे. दौलतरावांनी मला बजावून सांगितलंय की ज्योतीराम, पाच मिनिटांत आटपा. मी हो म्हणालो आहे. त्यांच्याशी वाद घालण्यातच पाच मिनिटं जातात हे मला अनुभवानं माहीत आहे.

तर झिशानराव आज सहकुटुंब जर्मनीला चालले आहेत. इथं चाकणला ते रोबोट दुरुस्त करायचे. माझी अशी समजूत होती की रोबोट म्हणजे माणसासारखा दिसणारा, चालणारा, बोलणारा. झिशाननं मला मोबाइलवर दाखवलं. तो नुसता एक हात असतो. धड नाही, डोकं नाही, फक्त हात, आणि तो दिवसभर गाड्यांच्या दरवाजांना वेल्डिंग मारत असतो. चहाला उठत नाही, रजेचा अर्ज देत नाही. तरीसुद्धा तो बिघडतो आणि मग झिशानला बोलावतात. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. मीही तीस-बत्तीस वर्षं कंपनीत काढली आहेत.

जर्मनीला जायचं तर जर्मन भाषा यावी लागते. झिशान आणि हीना दोघांनीही दोन वर्षं अभ्यास केला. आपल्या बिल्डिंगच्या भिंती कशा आहेत हे मी सांगायला नको. अख्ख्या जिन्यानं अभ्यास केला. आपले वॉचमन किसन दूधवाल्याला सकाळी 'गुटेन मॉर्गन' म्हणतात आणि दूधवालाही त्यांना तेच म्हणतो. मी एकदा म्हणून बघितलं तर सादिकानं माझा उच्चार दुरुस्त केला. ती सिनियर केजीत आहे. मी पुन्हा म्हणून दाखवलं, पण तिचं समाधान झालं नाही.

हा झिशान माझ्या डोळ्यांसमोर मोठा झाला. त्याचे वडील नवाबभाई, दापोडीत त्यांचं गॅरेज होतं, ते गेले तेव्हा हा बारावीला होता. हे पोरगं त्या वर्षी परीक्षेलाही बसलं आणि गॅरेजातही बसलं. आपल्या या पंपाची मोटर जितक्या वेळा जळाली, तितक्या वेळा यानंच खोलून बसवली. याच्यानंतर मोटर जळाली तर काय करायचं याचं उत्तर मॅनेजिंग कमिटीकडं नाही. झिशान, तू चाललास याचं मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. हे मी एकदाच सांगतो, कारण पुढं मला बरंच बोलायचं आहे आणि माझा आवाज मला लागणार आहे.

आता कार्यक्रम कसा ठरलाय तो सर्वांच्या माहितीसाठी सांगतो. आज हे तिघं विमानानं जाणार. उद्या सकाळी टेम्पो येणार. त्यात झुलेखाभाभींचं सामान भरायचं आणि भाभींनी रमीजकडं तळेगावला जायचं, कायमचं. खालचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा. हे सगळं पोरांनी आईच्या काळजीपोटी ठरवलं आणि मला असं कळवण्यात आलं की भाभींची याला संमती आहे. आता मी बरीच वर्षं सेक्रेटरी आहे. आपल्या सभेत एखादा ठराव मांडला आणि कुणीच काही बोललं नाही, तर मी वहीत 'ठराव एकमताने मंजूर' असं लिहितो. भाभींची संमती त्या प्रकारची आहे.

दौलतराव, मी घड्याळ बघितलं. धन्यवाद.

मंडळी, जर्मनीचा विषय सुरूच आहे, पण त्यासाठी मला जरा डब्यांकडं वळावं लागेल. मी आणि आमच्या सौभाग्यवती सुमनताई धाराशिवकडून या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तेव्हा आमच्याकडं एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि शेंगदाण्याचं एक पोतं होतं. पहिल्याच दिवशी खालून भाभींनी डबा पाठवला. शेवयांची खीर होती. आम्ही ती खाल्ली आणि मग सुमनताईंपुढं प्रश्न उभा राहिला. भरून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे तर तुम्हाआम्हाला लहानपणापासून माहीत आहे. पण घरात होतं काय? त्यांनी डबाभर शेंगदाणे घालून पाठवले. दुसऱ्या दिवशी भाभींनी त्याच शेंगदाण्यांची चटणी करून पुन्हा आमच्याकडं पाठवली. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही. यात सणाचा काही संबंध नाही. आमच्याकडं दोडका झाला तरी खाली जातो, आणि दोडका काही सण बघून होत नाही.

अशी ही पद्धत हळूहळू सगळ्या जिन्याला लागली. त्यामुळं आपल्या बिल्डिंगमध्ये कुठल्याही घरात कुणाचा ना कुणाचा डबा असतोच. आमच्या मांडणीवर या क्षणी जे डबे आहेत, त्यातले आमचे किती हे सुमनताईंनाही सांगता येणार नाही.

आता हीनाबाईंची अडचण समजून घ्या. घर आवरायला काढलं आणि तिच्या लक्षात आलं की ओट्याखाली निम्मे डबे लोकांचे आहेत. मुलगी सरळ. जाण्याआधी ज्याचं त्याला परत करायचं असं तिनं ठरवलं. पण रिकामे कसे द्यायचे? घरातला रवा, बेसन संपवायचंच होतं, म्हणून तिनं शिरा केला, लाडू केले, डबे भरले आणि घरोघर पोचवले. तिच्या दृष्टीनं विषय संपला. पण आपल्या बायकांना काय वाटलं? परदेशी चाललेली पोर आपल्याला भरून देते आणि आपण तिला तसंच पाठवायचं? मग कुणी मेतकूट दिलं, कुणी सांडगे दिले, कुणी कुरडया दिल्या, आणि हे सगळं दिलं कशातून? डब्यातून. हीनाच्या ओट्याखाली पुन्हा तितकेच डबे जमले. तिनं पुन्हा शिरा केला.

हे पंधरा दिवस चाललं होतं. त्या काळात आमच्या घरात शिरा सोडून दुसरं काही खाल्लेलं मला आठवत नाही. तिकडं झिशान बॅगा काट्याला लटकवून वजन बघायचा आणि रोज वजन वाढलेलं असायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या आबाजींनी सल्ला दिला की कुरडया बॅगेत न भरता अंगावरच्या कोटाच्या खिशात ठेवाव्यात. झिशाननं तेही करून बघितलं. कुरडयांचा चुरा झाला आणि कोट धुवायला टाकावा लागला.

शेवटी हीनानं सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. कुणाला दुखवायचा तिचा हेतू नव्हता, अगदी हात जोडलेलं चित्र टाकून लिहिलं होतं, की सर्वांना विनंती, आमच्या घरचे जे डबे तुमच्याकडं असतील ते कृपया रिकामेच परत करावेत, सामान वाढतंय. मेसेज सगळ्यांनी वाचला. सगळ्यांनी अंगठा दाखवला. आणि नेहमीप्रमाणं कुणीही त्याप्रमाणं वागलं नाही.

एक घर सोडून. आपले सुजित आणि रुपाली मागच्या वर्षीच लग्न होऊन इथं राहायला आले. दोघंही हिंजवडीला नोकरीला, शिस्तीची माणसं. ग्रुपवर मेसेज आला की तो पाळायचा असतो, असं त्यांना अजून वाटतं. रुपालीकडं झुलेखाभाभींचा एक डबा होता. तिनं तो घासला, पुसला, कोरडा केला आणि भाभींच्या हातात रिकामा नेऊन दिला. रुपाली, मान खाली घालू नकोस. तुझी काही चूक नाही. तू सांगितलं तेवढंच केलंस.

मी बाजारातून येत होतो. भाभी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर डबा, झाकण काढलेलं, आणि डोळ्यांना पदर. नवाबभाई गेले तेव्हा मी या बाईला चार माणसांत रडताना बघितलं नव्हतं. मला वाटलं मागच्या पावसाळ्यासारख्या पुन्हा पडल्या. मी विचारलं, "भाभी, लागलं का कुठं?"

त्या म्हणाल्या, "नाही भाऊ. हे बघा, रिकामा आला."

मी म्हणालो, "अहो, मेसेज होता तसा. सामान वाढतंय म्हणून."

"मेसेज त्यांच्या सामानाचा होता. हा डबा माझा हाय," त्या म्हणाल्या. "मी कुठं विमानात बसणार हाय? मला रिकामा दिला म्हणजे मी गेलेच की. संपलं आपलं देणंघेणं."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बसलो. म्हटलं, "भाभी, तुम्हाला तळेगावला जायचंय का?" तर म्हणाल्या, "नाही जायचं. मला या जिन्यात राहायचंय." मी म्हटलं, "मग पोरांना सांगा की." त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं सांगतो. "कसं सांगू भाऊ? मी नाही म्हणाले तर झिशान जायचाच नाही. बॅगा उघडून बसेल. दोन वर्षं पोरांनी रात्रीचा दिवस केला, त्यावर मी पाणी ओतू? मी गप बसले तर निदान तो तरी जाईल."

नंतर त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की हे एकाही माणसाला सांगायचं नाही. मी शब्दाचा पक्का आहे. मी एका माणसाला सांगितलेलं नाही. मी सर्वांना एकदम सांगतो आहे. भाभी, माझ्याकडं असं बघू नका. उद्या सकाळी टेम्पो येतोय, मग मी हे कुठल्या सभेत मांडायचं?

झिशान, बस. उठू नकोस. तुझी बाजू मला माहीत आहे आणि ती मी इथं मांडतो, म्हणजे अन्याय नको. मागच्या पावसाळ्यात भाभी बाथरूममध्ये घसरल्या. तू सेकंड शिफ्टला होतास. तुमच्या कंपनीत फोन बाहेर कपाटात ठेवून आत जावं लागतं. आम्ही फोन लावत होतो आणि तो कपाटात वाजत होता. तू बाहेर आलास, फोन बघितलास आणि तसाच दवाखान्यात आलास. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, पायात ते लोखंडी टोकाचे बूट. त्या दिवशी तुझ्या मनात जे बसलं ते मला दिसतंय. चाकणला असून माझा फोन लागला नाही, तर जर्मनीत काय होईल? बरोबर ना?

मग आता माझं ऐक. त्या दिवशी तुझ्या आईला दवाखान्यात कुणी नेलं? खुर्चीत बसवून गेटपर्यंत उचलून आणणारे सुजित आणि किसन. रिक्षात मांडीवर डोकं घेऊन बसल्या त्या सुमनताई. तू आलास तेव्हा प्लास्टर घालून झालं होतं आणि भाभी सगळ्यांना विचारत होत्या की तुम्ही जेवलात का. पोरा, त्या संध्याकाळी तू चाकणला होतास काय आणि जर्मनीत असतास काय, सारखंच होतं. त्यात तुझी चूक नाही. पण तुझी आई त्या दिवशी एकटी नव्हती, हे तुझ्या हिशेबात आलेलं नाही, ते धर.

रमीज, तुझ्यावर राग नाही. तू आणि तुझी बायको, दोघंही मोठ्या मनाची माणसं आहात. आईला नेतो म्हणालात, एका शब्दानं कुरकुर केली नाहीत. पण तुम्ही दोघंही सकाळी सातला कामावर जाता आणि दिवे लागल्यावर घरी येता. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. शेजारचं दार बंद, समोरचं दार बंद. तुझ्या आईनं दुपारी भाजी केली आणि डबा भरला, तर ती तो घेऊन जाणार कुणाकडं? लिफ्टकडं?

मागच्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात एक सभा झाली. दौलतराव, आपल्याला निमंत्रण नव्हतं, त्याबद्दल मी नंतर वेगळं बोलेन. सभेला भरपूर महिला हजर होत्या आणि प्रथमच कुणी उशिरा आलं नाही. भाभींच्या मनातलं मी सांगितलं नव्हतं, जिन्यात पडून राहिलेला तो रिकामा डबा बघून त्यांनीच ओळखलं. त्यात असं ठरलं की भाभींचे जे डबे आमच्या घरांत आहेत, ते कुणीही परत करायचे नाहीत, रिकामेही नाहीत आणि भरलेलेही नाहीत. टेम्पो आला तर रिकामा जाईल. रुपाली आठवड्यातले काही दिवस घरून काम करते, ती लॅपटॉप घेऊन भाभींकडं बसणार आहे. तिचं म्हणणं आहे की तिथला पंखा जास्त चांगला आहे. फ्लॅटची एक किल्ली आमच्याकडं आधीपासूनच आहे. आणि झिशान, आई पडल्यावर तू त्या बाथरूममध्ये धरायला जो दांडा बसवलास, तो मी स्वतः ओढून बघितला आहे. ही बिल्डिंग पडली तरी तो दांडा जागेवर राहील. तसा दांडा तळेगावच्या फ्लॅटमध्ये नाही, मी रमीजला विचारून खात्री केली आहे.

सादिकानं परवा मला विचारलं, "काका, आमचा व्हिसा आला, मग दादीला तळेगावचा व्हिसा कुणी दिला?" मी म्हणालो, चौकशी करून सांगतो. सादिका, मी चौकशी केली. तसा व्हिसा कुणी दिलेला नाही.

आता मला कुणी उत्तर देऊ नका. झिशान, तू ऊठ, खाली जा आणि तुझ्या आईला विचार. सगळ्यांनी ठरवलं, तिला कुणी विचारलंच नाही. हीना, तूही जा बाळा. किसन, माईक बंद करा. घरातलं बोलणं सोसायटीनं ऐकायचं कारण नाही.

सुरू झाला का? हं. आवाज येतोय.

गॅलरीतल्या मंडळींना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. भाभींचं म्हणणं असं की, "तू जा. मी इथंच राहते. माझ्यासाठी जाणं रद्द केलंस तर तुझ्याशी बोलणार नाही." झिशाननं हो म्हटलंय. हळू म्हटलंय, पण मी जवळून ऐकलं. हीना त्यांच्या गळ्यात पडली आहे, ते तुम्हाला दिसतंच आहे. रमीज टेम्पोवाल्याला फोन लावतोय. रमीज, कारण विचारलं तर सांग, सामान हलत नाही.

हा ठराव मात्र मी आज खरोखर एकमतानं मंजूर असा लिहिणार आहे.

दौलतराव, पाच मिनिटं झाली. आता समारोप. झिशान, हीना, तिकडं थंडी फार आहे असं ऐकतो, तेव्हा अंगभर कपडे घाला. रविवारी व्हिडिओ कॉल करा आणि आईला करून झाला की मोबाइल आमच्याकडं वर पाठवायला सांगा. ज्यांनी खुर्च्या लावल्या त्यांचे, ज्यांनी सांगूनही मोटरसायकल काढली नाही आणि त्यामुळं मला बोलताना टेकायला जागा झाली त्या सुजितचे, आणि एवढा वेळ गप्प बसलेल्या ड्रायव्हर साहेबांचे मी सोसायटीच्या वतीनं आभार मानतो. मी शब्द मोडला असेल, कुणाच्या घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या असतील, अध्यक्षांचा वेळ खाल्ला असेल, तर माझ्या वयाकडं बघून पोटात घाला.

राहता राहिला हा डबा. रुपालीनं आणून दिल्यापासून भाभी तो घरात न्यायला तयार नव्हत्या, जिन्यातच पडून होता, म्हणून मी आज तो इथं ठेवला. आता तो ज्याचा त्याला सुपूर्द करतो.

एक मिनिट. हा जड आहे.

तो रिकामा आहे असं मी मघाशी निवेदन केलं होतं. ते मी मागं घेतो. रुपाली, कधी भरलास? मी पुष्पगुच्छ आणायला गेलो तेव्हा? बरं. आत काय आहे ते मी विचारत नाही, दुसऱ्याचा डबा उघडून बघायचा नसतो. भाभी, इकडं या, सावकाश, पायरी आहे. हा धरा. परत पाठवायची काही घाई नाही.